वाकळ, घोंगडी आणि लोकरीचे चौकोन

पाली म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात पहिल्याने बल्लाळेश्वराची पाली उभी राहते. ती सुधागड तालुक्यातली. आज जिच्या निमित्ताने बोलायचे आहे ती पाली राजगडाच्या पायथ्याची, वेल्ह्याच्या मुलखातली; गडाच्या पाली दरवाजाला जिने आपले नाव दिले ती. गंमत अशी की भोरच्या पंतसचिवांच्या संस्थानात विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, पवनमावळ आणि सुधागड असे तालुके होते. म्हणजे १९४८ साली संस्थान विलीन होईपर्यंत या दोन्ही पाली एकाच धन्याच्या होत्या. शिवाजी महाराजांनी सुमारे पाव शतक जिथून राज्य केले त्या गडावर जाणारी रुंद पायऱ्यांची राजवाट या पालीच्या बाजूने चढते. इतिहास लिहिणारे आजवर त्या वाटेने वर गेले. आपण आज खालीच थांबू आणि एखाद्या घराच्या दांडीवर काय टाकले आहे ते पाहू.

उन्हाळ्याच्या दिवसांत पांघरुणांवर व्याख्यान म्हणजे अवेळी गाणे, असे कोणी म्हणेल. पण मावळात पांघरुणांचे दिवस हेच. भाताची भाजवळ उरकलेली, पाऊस अजून महिनाभर लांब. अशा वेळी बायका वाकळा नदीवर नेऊन बडवतात, खडकांवर वाळत घालतात, फाटलेल्या उसवतात आणि नव्या शिवायला घेतात. एकदा पाऊस धरला की चार महिने काही वाळायचे नाही. म्हणून पांघरुणाचा हिशेब चैत्र-वैशाखातच करावा लागतो.

दांडीवर पहिली असते घोंगडी. तिची ओळख मावळ्याच्या चित्रामुळे सगळ्यांना आहे, परंतु ती मावळची नव्हे हे फारसे कोणी ध्यानात घेत नाही. भोर-वेल्ह्याच्या डोंगरमाथ्यावर धनगरवाडे आहेत. पण ते गवळी धनगरांचे. ते गाई-म्हशी पाळतात. मेंढीला इथला पाऊस सोसत नाही, तिचे खूर कुजतात, तिला रोग होतात. मेंढी फलटण, माण, खटाव या कोरड्या मुलखाची. पावसाळा सरला की तिकडचे मेंढके कळप घेऊन घाट उतरतात आणि कोकणात शेतांतून मेंढरे बसवतात. खताच्या मोबदल्यात धान्य घेतात. या वाटा किती जुन्या आहेत, त्यांच्या कडेने कोणते देव बसले आहेत, याचा शोध गुंथर सोन्थायमर या जर्मन पंडितांनी इथल्या धनगरांबरोबर पायी हिंडून घेतला. आपल्याला त्यातले एवढेच हवे की मावळातल्या माणसाच्या खांद्यावरची लोकर देशावरून येत होती. ती विकत घ्यावी लागे. ती जन्मभर पुरवायची असे.

दख्खनी मेंढीची लोकर आखूड, राठ, बहुधा काळी. वर्षातून दोनदा कातरायची, कमानीने पिंजायची, बायकांनी रहाटावर कातायची आणि सणगरांनी मागावर विणायची, असा तिचा प्रवास. ताण्याला चिंचोक्याची खळ कुंच्याने चोपडतात. त्या खळीने नवी घोंगडी पुठ्ठ्यासारखी ताठ असते. दोन-चार पावसाळे अंगावर गेल्यावरच ती माणसाळते. कोकराच्या पहिल्या कातरणीची लोकर, म्हणजे जावळ, मऊ असते. जावळाच्या घोंगडीला म्हणून भाव. लोकरीचा गुण असा की ती आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतका ओलावा पोटात घेते आणि तरी अंगाला ओली लागत नाही. त्यापुढे मात्र भिजली तर हातातून उचलत नाही आणि दोन दोन दिवस वाळत नाही. कचेरीत अडकलेल्या कामाला आपण ‘भिजत घोंगडे’ म्हणतो ते ज्याने कोणी पहिल्याने म्हटले, त्याने आषाढातली घोंगडी स्वतः पिळून पाहिली असणार.

घोंगडीचा बाजार होता, म्हणून तिची नोंदही आहे. पाटलाच्या हक्कांच्या याद्या पाहिल्या तर चांभाराकडून जोडा, तशी धनगराकडून घोंगडी, अशी बाब सापडते. ज्या वस्तूवर हक्क सांगता येतो ती कागदावर येते.

दुसरे पांघरूण वाकळ. तिचा कागद नाही. लुगडी जुनी झाली की ती जुनेर. जुनेर आणखी विरले की त्याचे धडपे. आणि धडप्यांचे थर एकावर एक टाकून धावदोऱ्याने शिवले की वाकळ. हिला कोणी मजुरी दिली नाही, हिच्यावर पट्टी बसली नाही, ही बाजारात गेली नाही. एका घरात निर्माण होऊन त्याच घरात झिजून संपली. फार जुनी वाकळ आढळत नाही याचे कारणही हेच, कारण जुन्या वाकळेच्या पोटावरच नवी शिवली जाते. मोलस्वर्थसाहेबाने आपल्या कोशात वाकळ आणि गोधडी हे दोन्ही शब्द नोंदले, हा त्याचा उपकार. नाहीतर दप्तरखान्यात शोधणाऱ्याला असे वाटले असते की मराठी माणसे घोंगडीवाचून काही पांघरीतच नव्हती. वाकळेसाठी प्रत्येक घरात एक गाठोडे असे. त्यात काय आहे, किती आहे, हे घरधन्याला ठाऊक नसे. शेत, गोठा, कणगी यांवर ज्या बाईची सत्ता चालत नव्हती तिची त्या गाठोड्यावर चाले. हे गाठोडे लक्षात ठेवावे. पुढे लोकर आली ती याच गाठोड्यात येऊन पडली.

ती लोकर, आणि तिच्या सुया, मात्र परक्या. आपल्या भाषेने एक लबाडी केली आहे: माग चालवणे, बाज भरणे, टोपली करणे आणि दोन सुयांवर मोजा करणे, या सर्वांना ती ‘विणणे’ हे एकच क्रियापद लावते. वस्तुतः मागावरच्या कापडात उभे आणि आडवे असे दोन धागे एकमेकांना धरून असतात. सुयांवरच्या विणीत धागा एकच. तोच स्वतःच्या फासातून पुन्हा पुन्हा ओढला जातो. म्हणून ती वीण ताणते, बोटाच्या, टाचेच्या, डोक्याच्या आकाराला बसते. आणि म्हणूनच तिचे एक टोक सापडले की सबंध वस्तू सरसर उसवून पुन्हा धागा होते. घोंगडीचे हे करता येत नाही, वाकळेचे तर नाहीच.

ही युक्ती जगात फार पुरातन नाही. खऱ्या अर्थाने दोन सुयांवर विणलेले जे सर्वांत जुने मोजे उपलब्ध आहेत ते इजिप्तमधले, अकराव्या ते चौदाव्या शतकांच्या दरम्यानचे, आणि ते लोकरीचे नसून पांढऱ्या व निळीत रंगवलेल्या सुताचे आहेत. तेथून ही विद्या युरोपात पसरली. १५८९ साली विल्यम ली नावाच्या इंग्रजाने मोजे विणण्याचे यंत्रही केले, तरी घरोघरच्या सुया थांबल्या नाहीत. क्रोशा तर त्याहून कितीतरी अलीकडचा. आकड्याच्या एका सुईने करावयाच्या या कामाचे छापील नमुने १८२३ च्या सुमारास हॉलंडातल्या एका स्त्रियांच्या मासिकात आले. १८४५ नंतर आयर्लंडात बटाट्याचे पीक कुजून दुष्काळ पडला, तेव्हा तिथल्या बायकांनी क्रोशाची लेस विकून पोरे जगवली. फ्रेंचांचा हा ‘लहान आकडा’ आपल्याकडे ‘क्रोशा’ होऊन आला आणि आल्याबरोबर मराठी झाला. साखळी, खांब, मुका खांब, ही टाक्यांची नावे पाहा. वाड्याच्या ओसरीवर बसलेल्या बाईने आजूबाजूला पाहून ठेवल्यासारखी नावे आहेत. ‘मुका खांब’ म्हणजे बुटका टाका, जो उभा राहण्यापूर्वीच मिटतो. इंग्रजीत त्याला इतके चांगले नाव नाही.

सुया आल्या त्या मिशनऱ्यांच्या शाळांतून आणि लष्करी छावण्यांतल्या मडमांच्या पिशव्यांतून. मुंबईत अमेरिकन मिशनने मुलींची शाळा १८२४ साली काढली. १८२७ साली सिंथिया फरार आल्या. त्यांनी पुढे अहमदनगरास काम केले आणि सावित्रीबाई फुल्यांनी त्यांच्याकडे शिक्षिकेचे शिक्षण घेतले असे सांगतात. या शाळांत वाचन-लेखनाबरोबर सुईकाम असे. त्यामागे दोन हिशेब होते. एक पाद्र्यांचा: हात गुंतलेले असावेत, आणि विकून चार पैसे यावेत. दुसरा आईबापांचा, आणि तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. मुलगी अक्षर शिकते म्हणताच ज्या घरात वादळ उठे, त्याच घरात ती शिवण शिकते म्हटल्यावर कोणी फारसे बोलत नसे. सुई ही पाटीची सोबतीण होऊन घरात शिरली. पुण्यास १८८४ साली हुजूरपागेची शाळा निघाली तेव्हा तिच्या अभ्यासक्रमावर ‘केसरी’ने जी टीका केली, तिचा रोख असाच होता की मुलींना संसाराला उपयोगी पडेल ते शिकवावे. आज त्या वादात कोण बरोबर होते हे सांगायची गरज उरलेली नाही. पण एक गोष्ट टीकाकारांच्या ध्यानी आली नव्हती: ज्या मुलींनी उलट-सुलट टाक्यांचा नमुना वाचायला शिकून घेतले, त्यांना मोजणी, पट आणि तिरपे गणित आपोआप येत होते. विणीचा नमुना हा अंकगणिताचा धडाच आहे.

पुढे ही विद्या मिशनच्या कुंपणाबाहेर आली. १८९६-९७ च्या दुष्काळातून वाचवलेल्या मुलींसाठी पंडिता रमाबाईंनी केडगावी जे आश्रम-गाव वसवले त्यात विणकाम आणि लेस हे उद्योग होते. १९०९ साली पुण्यात रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी सेवासदन उभे केले. विधवा आणि परित्यक्ता स्त्रियांना पोटापुरते मिळवता यावे म्हणून तिथे शिवण-भरतकामाचे वर्ग होते. तिथून शिकून बाहेर पडलेल्या बायका गावोगावच्या मुलींच्या शाळांत शिक्षिका झाल्या, आणि त्यांच्या मागोमाग सुया मावळच्या तोंडापर्यंत येऊन पोचल्या.

लढायांनीही हे काम वाढवले. माकडटोपी आपण इतकी आपली मानतो की तिचा जन्म क्रिमियात झाला हे खरे वाटत नाही. १८५४ साली बालाक्लाव्हा येथे लढाई झाली. तिथल्या हिवाळ्यात इंग्रज शिपाई गारठून मरू लागले, तेव्हा मायदेशीच्या बायकांनी डोके, कान, गळा एकदम झाकणाऱ्या टोप्या विणून पाठवल्या. इंग्रजीत त्या टोपीचे नाव आजही बालाक्लाव्हा. पहिल्या महायुद्धात मुंबई इलाख्यातल्या युद्ध-साहाय्य निधीची स्त्रियांची निराळी शाखा होती आणि कपडेलत्ते जमवणे हे तिचे मुख्य काम. ज्या मराठा पलटणी १९१५-१६ च्या हिवाळ्यात मेसोपोटेमियात कूतच्या वेढ्यात अडकल्या, त्यांतले शिपाई आपल्याच डोंगरांखालचे. वाळवंटातही थंडी असते, हे त्यांच्या घरच्यांना तेव्हा कळले.

पण मराठी घरांत लोकर खरोखर शिरली ती मला वाटते १९६२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात. हिमालयात आपले जवान सुती गणवेशावर लढत आहेत ही बातमी आली आणि देशभर बायकांनी सुया हाती घेतल्या. शाळांतून, महिला मंडळांतून, ओट्यांवर स्वेटर आणि मोजे विणले गेले. याच वेळी यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले, त्यामुळे इकडे त्या कामाला एक घरचेपण आले. महिन्याभरात लढाई थांबली. सुया थांबल्या नाहीत. एकदा हाताला लागलेली वीण मग पोरांच्या टोपड्यांकडे, मोज्यांकडे, नवऱ्याच्या बिनबाह्यांच्या स्वेटराकडे वळली. त्यातून उरलेली लोकर गाठोड्यात गेली.

इथे वाकळेची बुद्धी आणि विलायती सुई यांची गाठ पडली.

लोकर कधीच नेमकी पुरत नाही. एक तर थोडकी कमी पडते, नाहीतर थोडकी उरते. आणि कमी पडली तर रंगाची दुसरी लडी तशीच मिळेल याचा भरवसा नसतो, म्हणून शहाणी बाई जास्तच घेते. असे अर्धे-पाव गुंडे साठत जातात. त्यात भर पडते ती उसवलेल्या स्वेटरांची. पोराला तोकडा झालेला स्वेटर फेकत नाहीत. शिवण सोडवायची, टोक शोधायचे, एकीने ओढायचे आणि दुसरीने गुडघ्यांवर किंवा खुर्चीच्या पाठीवर गुंडाळायचे. उसवलेला धागा शेवयांसारखा कुरळा असतो. त्याची लडी बांधून कोमट पाण्यातून काढायची आणि खाली काहीतरी वजन अडकवून वाळत टाकायची, की तो सरळ होतो. कोपरापाशी झिजलेला तुकडा तेवढा टाकून द्यायचा. एकाच लोकरीचा असा बापाचा स्वेटर, मग पोराचा, मग तान्ह्याचे टोपडे, आणि शेवटी पांघरुणातला चौकोन होतो.

चौकोनाची कल्पना परदेशी आहे. मधून सुरू करून बाहेर वाढत जाणारा क्रोशाचा चौकोन १८८५ साली अमेरिकेतल्या शेतकऱ्यांच्या एका साप्ताहिकात छापून आला. तोही उरलेल्या लोकरीच्या तुकड्यांसाठीच होता, आणि तिकडेही तो आजीच्या नावाने ओळखला जातो. परंतु ज्या घरात धडपे जोडण्याची सवय शतकानुशतके होती तिथे ती कल्पना शिकवावी लागली नाही. काम किती, तेही पाहू. चार इंची चौकोन धरले तर चार फूट रुंद आणि पाच फूट लांब पांघरुणाला बारा गुणिले पंधरा, म्हणजे १८० चौकोन लागतात. प्रत्येकात चार रंगांचे चार फेरे घेतले तर दर रंगाची दोन टोके, एका चौकोनात आठ, आणि सबंध पांघरुणात १४४० टोके सुईने आत लपवावी लागतात. विणण्यापेक्षा हे काम कंटाळवाणे. ज्या पांघरुणाची टोके मागे लोंबत राहिली आहेत ते घाईने केलेले, किंवा करणारीचे डोळे गेल्यावर दुसरीने पुरे केलेले, असे खुशाल समजावे. शेवटचा फेरा सर्व चौकोनांना एकाच रंगाचा देतात, बहुधा काळा. बाकी सगळे उरलेले असले तरी तेवढा काळा विकत आणावा लागतो. त्याने वेडेवाकडे रंग एका घरचे दिसू लागतात.

या कामाला मान मात्र मिळाला नाही. मान मिळाला रुखवताला. लग्नाच्या मांडवात क्रोशाचे तोरण, टेबलावरचे जाळीदार कापड, तांब्यावरचे झाकण मांडायचे, आल्यागेल्यांनी बोटे लावून वाखाणायचे, आणि मग ते सारे ट्रंकेत जायचे. पांढऱ्या सुताची ती जाळी सुबक असते यात शंका नाही, परंतु ती पाहुण्यांसाठी. चौकोनांचे पांघरूण बाळंतिणीच्या खाटेवर, आजाऱ्याच्या पायांवर पडते. त्यावर दूध सांडते. वापरातली वस्तू दाखवायची नसते असा आपला दंडकच आहे, आणि त्या दंडकाने बायकांच्या कामातला उत्तम भाग आपल्या दृष्टीआड केला.

पुढे खरी लोकर मागे पडली. लुधियानाच्या गिरण्यांतून कृत्रिम धागा येऊ लागला, कॅशमिलॉन हा शब्द तुळशीबागेतल्या दुकानांतून घरोघर गेला. तो स्वस्त, रंग पक्के, कसर लागत नाही. म्हणून पांघरूण पोटापाण्याच्या घरालाही परवडले, हे मान्य केले पाहिजे. परंतु तो ओलावा पीत नाही, आणि चुलीजवळ ठिणगी पडली तर वितळून कातडीला चिकटतो. घोंगडीवर पडलेली ठिणगी विझत असे. इकडे देशावर मेंढक्याला कातरणीची मजुरीही लोकरीतून सुटेना. मेंढी आता मांसासाठी पाळली जाते आणि कातरलेली लोकर कित्येकदा रानातच टाकून देतात. राठ आणि आखूड असल्याने ती टोपड्या-मोज्यांच्या कामाची नाही हे खरे, अंगाला टोचते. जाड सूत काढून आसने, पायपुसण्या, अंथरायच्या पट्ट्या तिच्यातून होतात. तसे प्रयत्न चाललेही आहेत. पण ज्या मुलखात काळी लोकर रानात टाकतात, त्याच मुलखात चौकोनांच्या कडेसाठी काळा कृत्रिम धागा लुधियानाहून आणतात, हा व्यवहार उमगत नाही.

चौकोन जोडण्याची हौस मात्र संपलेली नाही. २०१६ च्या जानेवारीत चेन्नईत देशभरच्या बायकांनी विणून पाठवलेले चौकोन जोडून ११,१४८ चौरस मीटरांहून मोठे क्रोशाचे पांघरूण मांडले, आणि त्याची जागतिक विक्रमात नोंद झाली. मागाहून ते सुटे करून गरजूंना वाटण्यासाठी दिले. अकरा हजार चौरस मीटरांची नोंद झाली याचा आनंदच आहे. पालीच्या घरातल्या वीस चौरस फुटांची कोणी घ्यायची?

दिनकर केळकरांनी पुण्यात अडकित्ते, दिवे, फण्या, दाराच्या चौकटी जमवायला घेतल्या तेव्हा लोक हसले. १९७५ साली तो संग्रह सरकारकडे गेला, आणि आज अभ्यासक तिथे जाऊन टिपणे काढतात. अडकित्ता लोखंडाचा असतो, तो कोणी जमवीपर्यंत वाट पाहतो. लोकर वाट पाहत नाही. एक टोक ओढले की गेली. तेव्हा ज्यांच्या घरी असे पांघरूण आहे, आणि ते करणारी बाई अजून ओट्यावर बसलेली आहे, त्यांनी या सुटीत एवढेच करावे. पांघरूण उन्हात पसरावे, तिला शेजारी बसवावे, आणि एका वहीत १८० घरांचा तक्ता आखून घ्यावा. एकेका चौकोनावर बोट ठेवून विचारावे की हा निळा कोणाच्या स्वेटरचा, हा तांबडा कोणत्या सालचा, आणि हा मधलाच एक करडा, ज्याचा जोडीदार कुठेच नाही, तो कोठून आला.